मदत हवी आहे: फोर बाय फोरमध्ये पाणी नेमकं कुठं मुरतंय?

शाहूपुरीकर

मंडळी, गाडीत पाणी येतंय आणि वाट काही सापडत नाहीये. माहिती जमेल तेवढी नेमकी देतो.

शिडी चॅसीवरची (शिडीसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेली) तीन दरवाजी डिझेल फोर बाय फोर, साल २०१७, सेकंडहँड, ७१ हजार किमी. फायबरचा कडक टप (छत) बोल्टांनी बॉडीवर बसवलेला. मागचा दरवाजा बाजूला उघडतो, स्टेपनी त्याच्यावरच. आधीच्या मालकानं पुढच्या काचेशेजारच्या डाव्या खांबाला स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप) आणि टपावर कॅरियर बसवून घेतलंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच घसरतो.

पाणी तीन जागी सापडतं. पुढं डाव्या सीटच्या पायाखाली, मॅटच्या खालचा फोम गच्च ओला. एका रात्रीच्या पावसानंतर स्पंजनं टिपून मोजलं, सव्वा लिटर भरलं. दुसरी जागा मागचा उजवा कोपरा, सीटबेल्टच्या बोल्टाखाली. तिसरी मागच्या दरवाज्याची खालची कड, पण तिथं फक्त पावसात गाडी चालवली तरच. उभ्या गाडीत तिथं टिपूसही नाही.

गल्लीला चढ आहे, गाडी रोज नाक वर करून उभी असते. शनिवार-रविवार यवतेश्वर घाटातून कास, कधी खाली बामणोली.

गॅरेजवाल्यानं पुढच्या काचेभोवती दोन नळ्या पारदर्शक सिलिकॉन ओढलं. दोन दिवस गाडीत आंबट वास, पाणी जैसे थे. आता तो म्हणतो काच काढून नव्यानं बसवू. काच काढण्याआधी काय काय तपासू?

दहा_नंबर_पाना

काचेला हात लावू नका आणि सिलिकॉनची नळी कपाटात ठेवा. आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, म्हणजे व्हिनेगरच. उघड्या पत्र्याला त्यानं गंज धरतो. त्याचा अंश राहिला की त्यावर रंग बसत नाही आणि पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट चिकटत नाही. पुढं कधी काच खरंच काढावी लागली तर ते खरवडण्यातच अर्धा दिवस जाईल.

आता तीन गोष्टी सांगा. पाण्याला रंग, चिकटपणा किंवा गोडसर वास आहे का? एसी बंद ठेवूनही येतं का? आणि एक रात्र गाडी नाक खाली करून लावा, सकाळी तसंच स्पंजनं मोजा. तिसरं नक्की करा, बाकी सगळं त्यावरून ठरेल.

गडवाटा

एवढा व्याप कशाला? फ्लोअरला भोक पाडा, आलेलं पाणी जाईल खाली. गाडी आहे का तांब्या?

दहा_नंबर_पाना

गडवाटा, कारखान्यातूनच फ्लोअरला भोकं असतात, त्यात रबरी बुचं बसवलेली असतात. गाडी धुताना ती काढा, हरकत नाही. नवं भोक मात्र नको. पत्र्याखालून ब्रेकचे पाइप, डिझेलची लाइन आणि वायरिंग जातं. शिवाय ओढ्यात गाडी घातली की त्याच भोकातून पाणी वर येणार.

कृष्णाकाठ

सांगलीतून. सेकंडहँड आहे म्हणताय, तर एक खात्री आधी करा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ च्या पुरात गाडी बसली असेल तर पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर मातकट रेघ दिसते. धुणारे सीट धुतात, गुंडाळीत गेलेला पट्टा सहसा कुणी बाहेर काढून धूत नाही. डॅशखाली फ्यूजबॉक्समागच्या कोपऱ्यात बोट फिरवून बघा. गाळ लागला तर तो पावसाचा नव्हे, नदीचा. कृष्णेचा गाळ पिठासारखा बारीक असतो, कनेक्टरच्या आत जाऊन बसतो. तशी गाडी निघाली तर आधी वायरिंग, गळतीचं नंतर.

शाहूपुरीकर

पट्टे स्वच्छ, गाळ नाही, हुश्श.

पाणी स्वच्छ, बिनवासाचं, चिकट नाही. एसी तीन दिवस बंद ठेवला, तरी आलं. काल गाडी उलटी लावली, रात्रभर चांगला पाऊस होता. डाव्या पायाखाली अर्धा कपच भरलं. मागचा उजवा कोपरा चक्क कोरडा.

दहा_नंबर_पाना

छान. म्हणजे रेडिएटरचं पाणी नाही आणि एसीचंही नाही. (पुढं कधी शंका आली तर: कोरड्या जागी वीस मिनिटं एसी लावा, गाडीखाली थेंब पडले पाहिजेत. पडले नाहीत तर एसीची नळी तुंबलीय, आणि ते पाणी डाव्या पायाशीच उतरतं.)

नाक वर असताना सव्वा लिटर, नाक खाली असताना अर्धा कप. याचा अर्थ पुढं एक नाही, दोन वाटा आहेत. मोठी उतारावर अवलंबून आहे, बारकी नाही.

मोठीबद्दल माझा संशय काउलवर. वायपरखालच्या जाळीखाली पत्र्याची पन्हळ असते. काचेवरचं सगळं पाणी तिच्यात उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकामागं खाली पडतं. त्याच पन्हळीत केबिनमध्ये बाहेरची हवा घेणारं तोंड असतं, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डावीकडं, भोवती दीड-दोन इंचांचा काठ. भोकं तुंबली की पन्हळीची टाकी होते. नाक वर असेल तर पाणी केबिनच्या अंगाला झुकतं, काठावरून ब्लोअरच्या तोंडात जातं आणि तिथून पायाशी. नाक खाली केलं की तेच पाणी बोनेटच्या अंगाला साचतं आणि काठाच्या खाली राहतं. गुलमोहराखाली गाडी लावत असाल तर नव्वद टक्के हेच. ती बारीक पानं जाळीतून सरळ आत जातात आणि खाली त्यांचा चिखल होतो.

तपासायला पैसा लागत नाही. जाळीच्या डाव्या टोकाला मगानं दोन लिटर पाणी सावकाश ओता आणि चाकामागं बघा. लगेच धार पडली पाहिजे. दहा सेकंदांनीही नुसते थेंब येत असतील तर भोक बुजलंय. वायपरच्या दांड्या काढण्याआधी त्यांची जागा काचेवर चिकटपट्टीनं खुणवून ठेवा, नाहीतर नंतर वायपर बोनेटवर आपटतो. जाळी काढा, चिखल हातानं उपसा, भोकात पडद्याची स्प्रिंगवायर घाला. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. खालची रबरी नळी आपल्या जागेवरून सुटली तर पन्हळीचं पाणी थेट केबिनमध्ये येईल आणि काम वाढेल.

बारकी वाट शोधायची तर माणसं दोन लागतील आणि एक सबंध दुपार. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून दहा मिनिटं थांबा. डावी सीट, दाराच्या उंबऱ्याची पट्टी, ग्लोव्हबॉक्स आणि पायाजवळचं बाजूचं पॅनल काढा. सीटखाली पिवळ्या कव्हरची वायर दिसली तर ती एअरबॅगची किंवा सीटबेल्टची. तिचं कनेक्शन सोडायचंच असेल तर दहा मिनिटं झाल्यावरच, आणि सुटी असताना गाडी ऑन करायची नाही. मॅट मागं दुमडा, पत्रा फडक्यानं आणि पंख्यानं पूर्ण कोरडा करा. मग सगळ्या जोडांवर, वायरिंगच्या ग्रोमेटभोवती (पत्र्यातून वायर जाते तिथलं रबरी बूच) आणि खांबाच्या तळाशी टाल्कम पावडर फुंकरून लावा. पाणी आलं की पावडरीत ओघळ उमटतो आणि त्याचं वरचं टोक बोट दाखवल्यासारखं जागा दाखवतं. नुसत्या ओल्या पत्र्यावर ते कळत नाही.

एक जण आत टॉर्च घेऊन बसेल, दुसरा बाहेर बागेचा पाइप धरेल. पाइपाला नोझल नको, पाणी नुसतं वाहतं हवं. आणि सुरुवात खालून. आधी चाकाची कमान आणि फ्लोअर, मग फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), दाराची खालची कड, दाराची काच, मग काउल, पुढच्या काचेची खालची कड, तिच्या बाजू, स्नॉर्केल आणि शेवटी टप. प्रत्येक जागी पाच मिनिटं पाणी, तीन मिनिटं थांबणं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळ्या जागांवरून खाली येतं आणि कुठून शिरलं ते समजायचा मार्गच राहत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तर नकोच. तो चांगल्या बीडिंगमधूनही (दार-काचेच्या कडेची रबरी पट्टी) पाणी आत ढकलतो आणि नसलेली गळती दाखवतो.

संशयाची जागा सापडली की उलट तपासणी करा. ती जागा कोरडी करून प्लास्टिक आणि चिकटपट्टीनं झाका, पुन्हा पाच मिनिटं पाणी. आत थेंब आला नाही तरच ती जागा. ही पायरी गाळली की माणूस दोन नळ्या सिलिकॉन लावून बसतो.

रंगारी_बॉडीशॉप

वरच्याला दुजोरा. सीलंटबद्दल थोडं लिहितो, कारण दुकानात सगळंच ‘सिलिकॉन द्या’ म्हणून मागतात आणि सगळंच सिलिकॉन म्हणून मिळतं.

पत्र्याचे जोड आणि चिकटवलेली काच यांना पीयू. ते रबरासारखं लवचिक राहतं, त्यावर रंग बसतो. शिडी चॅसीची बॉडी खडकावर पिळवटते, तिथं लांबी (पुट्टी) भरली तर पहिल्याच ट्रेलला तडा. पीयू हवेतल्या ओलाव्यानं सुकतं, २४ तासांत साधारण ३ मिमी खोलीपर्यंत. जाड थर एकदम भरून दुसऱ्या दिवशी गाडी पाण्यात घालू नका. जे पुन्हा काढावं लागणार, म्हणजे टेललॅम्प, स्नॉर्केल, कॅरियर, दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा, तिथं ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट मऊ रबराची पट्टी. ती कधीच कडक होत नाही, पाच वर्षांनी काढली तरी च्युइंगमसारखी निघते. फक्त वजन तिच्या भरवशावर ठेवायचं नाही.

आधी लावलेलं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, ब्लेडनं रंग जातो. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं दोनदा पुसा, दर वेळी फडकं नवं.

बीडिंगला चमक आणायला काही ठिकाणी डिझेल किंवा जुनं ऑइल फिरवतात, ते कृपया नको. दाराची रबरं ईपीडीएमची (एक कृत्रिम रबर) असतात, पेट्रोलियम तेलानं फुगतात आणि मऊ पडतात. सिलिकॉन ग्रीसचा हलका हात पुरे, वर्षातून दोनदा.

शाहूपुरीकर

रविवारी दुपारभर हेच केलं. पाना साहेब, मानलं तुम्हाला.

काउल: मगानं पाणी ओतलं, खाली तीन-चार थेंब. जाळी काढली तर आत खरंच गुलमोहराच्या पानांचा काळा लगदा, दोन मुठी. डावं भोक पूर्ण बंद, उजवं अर्धं. स्प्रिंगवायर घातली, भसकन धार पडली.

नंतर खालून वर पाइप. पुढची काच तिन्ही बाजूंनी कोरडी, म्हणजे ते दोन नळ्या सिलिकॉन फुकटच. स्नॉर्केलच्या वरच्या ब्रॅकेटवर पाणी धरल्यावर चौथ्या मिनिटाला डाव्या खांबाच्या तळाशी पावडरीत ओघळ. ब्रॅकेट झाकून पुन्हा केलं, थेंब नाही. ब्रॅकेट काढलं. तीन भोकं, दोन बोल्टांखाली चपटी झालेली रबरं, तिसऱ्याखाली काहीच नाही. भोकांच्या कडांना गंज, अजून आरपार नाही. हे नीट बुजवायचं कसं?

मागचा कोपरा आणि दरवाजा अजून बाकी आहे. टपाचे बोल्ट आवळून बघितले, कोपऱ्यात उलट जास्त गळायला लागलं!

रंगारी_बॉडीशॉप

खांब आतून पोकळ असतो. भोकातून शिरलेलं पाणी आतल्या आत खाली येतं आणि तळाच्या जोडातून पायाशी निघतं, म्हणून वर काहीच ओलं दिसत नाही.

भोकांच्या कडा वायरब्रशनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. खड्ड्यांत उरलेल्या डागांना रस्ट कन्व्हर्टर, एक रात्र. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर गाडीच्या रंगाचा टचअप, पुन्हा एक रात्र. या दिवसांत हवा दमट, त्यामुळं दोन हातांमधला वेळ डब्यावरच्या आकड्याच्या दीडपट धरा. भोकातून आत लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्सचा (पोकळीत गंज रोखणारं मेण) फवारा मारा, कारण आतल्या अंगाला ब्रश पोचत नाही.

बसवताना प्रत्येक भोकाभोवती ब्यूटाइलची ३ मिमी जाड वळी पूर्ण गोल ठेवा, टोकं एकमेकांवर चढवून. बोल्ट स्टेनलेसचा, त्याखाली रबर चिकटवलेला वायसर. ब्यूटाइल कडेनं सगळीकडून डोकावेपर्यंतच आवळा. दुसऱ्या दिवशी पाव फेरा आणखी, कारण ती रात्रभरात बसते. बाहेर आलेली कड नखानं काढा. वरून काहीही ओढू नका, पुढं गळालं तर दिसायला हवं.

दहा_नंबर_पाना

बोल्ट आवळल्यावर गळती वाढली, हीच मागच्या कोपऱ्याची गोम. फायबरच्या टपाची कड पत्र्यासारखी ताठ नसते. बोल्ट जास्त आवळला की बोल्टापाशी कड दबते आणि दोन बोल्टांच्या मधे ती कमानीसारखी वर उचलते. जेवढं आवळाल तेवढी फट मोठी. नाक वर असताना टपावरचं सगळं पाणी मागं येतं आणि त्या कमानीपाशी थांबतं, म्हणून गाडी उलटी लावल्यावर कोपरा कोरडा होता. खात्री हवी तर रात्री गाडीत टॉर्च लावून बाहेरून टपाच्या जोडावर नजर फिरवा. उजेडाची बारीक रेघ दिसेल.

कॅरियरच्या बोल्टांनाही आधी पाइप लावून बघा, पण माझी पैज जोडावर.

टप पूर्ण उतरवायची गरज नाही. सगळे बोल्ट सैल करा, मागचे काढा आणि दोघांनी मिळून मागची बाजू दीड-दोन इंच उचलून लाकडी पाचर घाला. टपात मागच्या वायपरची किंवा दिव्याची वायर असेल तर ती आधी सोडा, नाहीतर तुटेल. जुनी फोमपट्टी काढून पाण्यात बुडवा आणि पिळा. पाणी निघालं तर ती उघड्या छिद्रांची आहे, म्हणजे स्पंज. असा फोम पाणी अडवत नाही, साठवतो. हवी ती बंद छिद्रांची ईपीडीएम पट्टी, जाडी १० मिमी, जी दाबून ६-७ मिमीवर येते. नुसता ‘काळा फोम’ मागितला तर दुकानदार पॅकिंगचा फोम देतो, तेव्हा दुकानातच तुकडा पाण्यात दाबून बघा.

पट्टी कोपऱ्यात कापायची नाही, वळवून न्यायची, आणि वळणावर ताणायची नाही. ताणलेली पट्टी तिथं पातळ होते. सांधा बाजूच्या मध्यावर घ्या, टोकं तिरकी कापून, मधे ब्यूटाइलचा ठिपका. प्रत्येक बोल्टाखाली मोठा चपटा वायसर. आवळताना मधल्या बोल्टापासून बाहेर जा, तीन फेऱ्यांत, दर वेळी थोडं थोडं. पट्टी एकतृतीयांश दबली की थांबा.

आता मागचा दरवाजा. चौकोनी पाठीची गाडी पळताना मागं हवेचा दाब कमी होतो, तिथं चाकांनी उडवलेलं पाणी घोटाळत राहतं आणि कुठं ढिली कड असेल तिथून आत येतं. उभ्या गाडीत ते दिसणारच नाही. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी घ्या, दरवाज्यात धरून बंद करा आणि ओढा. दर वीतभर अंतरावर असं करा. नीट बसलेली कड कागद अडवते, ढिली कड सोडून देते. दरवाज्यावर कंपनीपेक्षा मोठं टायर टांगलं असेल तर बिजागऱ्या वजनानं लटकतात. मग कुलपाकडची बाजू खाली येते आणि तिचा वरचा कोपरा ढिला पडतो. पाणी शिरतं वर, कडेकडेनं उतरतं आणि दिसतं खाली.

दरवाजा अर्धवट उघडून स्टेपनी धरून वर-खाली हलवा. बिजागरीत खडखड असेल तर पिन आणि बुश बदला, बाकी काही करून उपयोग नाही. खडखड नसेल तर लॉकचा खुंटा (चौकटीवरचा, ज्यात दरवाज्याचं कुलूप अडकतं) दीड-दोन मिमी आत सरकवा. आधी त्याभोवती पेन्सिलनं रेघ मारून ठेवा. दरवाजा बंद करायला खांदा लावावा लागला तर जास्त सरकवलाय, थोडा परत घ्या. आणि दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं काडीनं उघडी करा. ती बुजलेली असली तर पाणी दाराच्या पोटात साचतं आणि ब्रेक मारला की उसळून आत येतं.

शाहूपुरीकर

टपाची पट्टी पुढच्या शनिवारी. दरवाज्याचा कागद वरच्या डाव्या कोपऱ्यात, कुलपाच्याच बाजूला, अलगद निघाला. टायर मोठंच आहे. बिजागरी घट्ट, म्हणून खुंटा सरकवला, पावणेदोन मिमी. काल सातारा-ठोसेघर जाऊन आलो, सतत पाऊस, खालची कड कोरडी. स्नॉर्केलचा प्रायमर सुकतोय, तोवर भोकांवर टेप.

मॅट आणि फोम कसे सुकवू? अंगणात काढावं तर ऊन कुठाय? वासही सुटलाय.

कृष्णाकाठ

फोम पिळू नका, तुटतो. दोन पाटांमधे दाबून पाणी काढा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून फवारा, दोन तासांनी साध्या पाण्याचा फवारा देऊन पुन्हा दाबा. त्यात ब्लीच मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो. मग खोलीत दोरीवर टांगा आणि खाली टेबलफॅन, तीन-चार दिवस. गाडीत पत्रा उघडा असताना दारं-काचा बंद करून, हवा आतल्या आत फिरवत रोज वीस मिनिटं एसी लावा, ओलावा ओढून घेतो. सीट काढलेली असेल तर आधी तिचं कनेक्शन जागेवर लावा.

डॅशखालचे कनेक्टर एकेक सोडून बघा, बॅटरीची तार काढूनच. पिनांवर हिरवट दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर, वाळल्यावर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचं बोट.

मॅट बसवायच्या आदल्या रात्री पाऊस असताना उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्र अंथरून ठेवा, गाडी नाक वर करूनच. सकाळी कुठंही ठिपका असेल तर मॅट बाहेरच.

शाहूपुरीकर

आज सकाळचा पुढारी पुढं कोरडा. मागच्या उजव्या कोपऱ्यात आठ आण्याएवढा ठिपका. तो शनिवारी बघतो.